आत खांदा आलेला पैलवान

संपादक म्हणाले, पेशंटची नावं बदला. बदलली. गावाचं नाव गाळा म्हणाले, तेही गाळलं. बाकीचं घडलं तसं लिहिते आहे, आणि त्यातलं निम्मं मला अजून उलगडलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. लोक नोकरीवर लिहितात तेव्हा शेवटी काय शिकलो तेही सांगतात. माझ्याकडे तशी सोय नाही.

जालन्यातल्या एका खासगी दवाखान्यात मी ईसीजी काढायचे. शिकलेले लोक त्याला कार्डिओग्राम म्हणत, खेड्यातले लोक 'काळजाची पट्टी' म्हणत, आणि मला हाच शब्द आवडायचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लागले आणि डॉक्टरसाहेबांनी दवाखाना बंद करेपर्यंत टिकले. माझं माहेर जाफराबादकडचं. घरी कापूस, ज्वारी आणि दोन म्हशी. आमच्या भावकीत बी. एस्सी. झालेली मी पहिली. बायकांमधली पहिली नव्हे, सगळ्यांमधली पहिली. हे मुद्दाम सांगते, कारण आपण सांगितल्याशिवाय कुणी विचारत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गावात सांगायचे, "पोरगी जालन्याला काळजं तपासते." मी म्हणायचे, "अण्णा, तपासतात डॉक्टर. मी नुसती रेघ काढते." त्यावर ते म्हणाले, "मोजणीवाला बी रेघच काढतो. पण शेताचा धुरा, बांध कुणाचा ते त्या रेघंवरच ठरतं ना?"

हे काम बाहेरून फार गूढ वाटतं, पण आहे साधं. काळीज आकुंचन पावतं तेव्हा त्यातून अगदी बारीकशी वीज जाते. ती अंगभर पसरते. दोन्ही मनगटांना, दोन्ही घोट्यांना एकेक प्लेट बांधायची, छातीवर ठरलेल्या जागी रबरी फुग्याची वाटी चिकटवायची, खाली थोडी जेली लावायची, आणि मशीनची तापलेली सुई त्या विजेची चाल कागदावर काढते. मशीन पेशंटच्या अंगात काहीही सोडत नाही, फक्त घेतं. पण हे लोकांना पटायचं नाही. "करंट किती सोडता?" हा पहिला प्रश्न. एक किराणा दुकानदार दर महिन्याला यायचा आणि म्हणायचा, "मागल्या वेळी करंट लई हलका वाटला, आज जरा जास्त सोडा." एका आजीबाईंना तर वाटलं की दुखणं आता कागदावर उतरलं, म्हणजे अंगातून गेलं. त्या कागद मागायला लागल्या. कशाला? तर विहिरीत सोडायला. डॉक्टरसाहेब हसले नाहीत. म्हणाले, "आजी, कागद इथंच राहू द्या, आमच्या विहिरीत सोडतो." आजी बऱ्या झाल्या. कशाने, ते विचारू नका.

मला ठेवलं होतं ते बायकांसाठी. आमच्याकडच्या बाया कंपाउंडरसमोर पदर बाजूला करायला तयार नसत. छातीत कळ सहन करत तशाच घरी परत जात. मी आल्यावर त्या यायला लागल्या. पुरुषांना प्लेटा कंपाउंडर लावायचा, मशीन मी चालवायची. हा आमचा कायदा होता आणि तो वर्षानुवर्षं नीट चालला, एक दिवस सोडून.

त्या दिवसाआधी एक गोष्ट सांगायला हवी. आदल्या पावसाळ्यात एका कबड्डीच्या खेळाडूला मंठ्याकडून जीपमध्ये घालून आणलं होतं. तरणाबांड, उंचापुरा. जीपमधून उतरवला तेव्हाच संपलेला होता. सोबतचे मित्र सगळे एकाच वेळी बोलत होते. चढाई करून परतला, रेषेला हात लावला आणि बसला. बसला तो आडवाच झाला. मार लागला नव्हता, साप चावला नव्हता. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "आठवड्यात काही दुखणं?" "काही न्हाई साहेब. थोडी सर्दी होती. ताप आल्ता, गेला." घरच्यांनी नजर लागली असं ठरवलं. संध्याकाळी डॉक्टरसाहेब मला एवढंच म्हणाले, "बाई, सर्दीनं माणूस मरतो असं मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो?" मला वाटलं ते थकलेत, म्हणून बोलले. विषय तिथेच राहिला.

तर तो दिवस. चैत्राचा महिना, गावोगाव जत्रा. कंपाउंडर त्याच्या गावच्या जत्रेला गेला होता. सकाळी हसनाबादकडचे दोघे जण जिना चढून आले. पुढे एक साठीचा माणूस, कान चुरगळलेले, मान खांद्यात रुतलेली, पांढरंशुभ्र धोतर. पाहिल्याबरोबर कळावं की हा तालमीचा वस्ताद. ते गणपत वस्ताद. मागे त्यांचा चेला विष्णू, बावीस-तेवीस वर्षांचा, दाराच्या चौकटीत मावेना असा. वस्ताद बाकावर बसले. विष्णू उभा राहिला. मग भिंतीला टेकला. मी पाहिलं, कारण जिना चढून तो धापा टाकत होता, आणि म्हातारा टाकत नव्हता.

डॉक्टरसाहेबांनी विष्णूची नाडी धरली. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरली. मग म्हणाले, "ताप कधी आला होता?"

विष्णूच्या आधी वस्तादच बोलले. "ताप कसला साहेब, सर्दी-पडसं. अंग थोडं कसकस करून राह्यलं म्हणला. मंग मी जिरवला."

"जिरवला म्हणजे?"

वस्तादांना हा प्रश्नच विचित्र वाटला. तापाचं काय करायचं हे तालमीत सगळ्यांना माहीत असतं. आखाड्याच्या लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घातलेलं असतं. पैलवानाला ताप आला की त्याला सुट्टी नाही. उलट दुप्पट जोर, दुप्पट बैठका, घामाच्या धारा लागेपर्यंत. मग त्याच मातीत लोळवून वरून माती घालायची आणि पडू द्यायचं. ताप मातीत जिरतो. वस्ताद म्हणाले, "माझा बी असाच जिरवल्ता माझ्या वस्तादानं. बघा, हाय का न्हाई उभा तुमच्या म्होरं?"

डॉक्टरसाहेबांनी वाद घातला नाही. "पट्टी काढा, मी येतोच," असं मला सांगून ते शेजारच्या गल्लीत एका पेशंटला घरी बघायला गेले. ते म्हातारे पेशंट पहाटेपासून वाट बघत होते, जाणं भाग होतं.

विष्णूला मी कॉटवर झोपायला सांगितलं आणि प्लेटा उचलल्या. वस्ताद मध्ये आले.

"थांबा बाई. तुम्ही लावनार का?"

"कंपाउंडर गावाला गेलाय."

"मंग न्हाई जमायचं. परवा कुस्त्यांची दंगल हाय. पैलवानाच्या अंगाला दंगलीच्या आधी बाईचा हात लागत न्हाई. हनुमंताचं पथ्य असतंय. तुमच्यावर राग न्हाई."

राग मला आला होता. बी. एस्सी. होऊन मी अपशकुन ठरत होते. पण पेशंटशी भांडायचं नाही, हा डॉक्टरसाहेबांचा नियम. म्हटलं, "मग तुम्ही लावा. मी पडद्याच्या अलीकडून सांगते. लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या पायाला."

"बराबर," वस्ताद म्हणाले आणि लावल्या.

मी मशीन सुरू केलं. सुई निघाली आणि पहिलीच रेघ पालथी. जिथे टोक वर असायला हवं तिथे खाली. असं दोनच कारणांनी होतं. एकतर माणसाचं काळीज जन्मापासून उजवीकडे असतं, किंवा हात बदललेले असतात. मी पडदा सारला. लाल प्लेट डाव्या हाताला.

"वस्ताद, उजवा हात सांगितला होता."

"उजवाच हाय की."

"तुमचा उजवा. त्याचा नाही."

वस्तादांनी आपल्या हाताकडे पाहिलं, मग विष्णूच्या. "तालमीत मी म्होरं उभा राहून शिकवतो. माझा उजवा उचलला का पोरं समोरचाच हात उचलतेत. आजवर एका पोराचा गोंधळ झाला न्हाई. तुमच्या मशीनचा कसा काय झाला?"

विष्णूला हसू आलं. तेवढ्याने त्याला खोकला आला आणि खोकल्याने तो डोळे मिटून पडून राहिला.

हात बदलले. हातापायांची पट्टी आता सुलट आली. पण सुई चालता चालता मध्येच एक उंच, बेढब उडी मारायची आणि मग क्षणभर थबकायची. पुन्हा सरळ. पुन्हा उडी. छातीवरची वाटी वस्तादांनी स्वतःच्या अंदाजाने कुठेही चिकटवली होती, त्यामुळे ते कागद तर कुठल्या कुठे गेले होते. छातीच्या जागा बरगड्या चाचपून शोधाव्या लागतात. बोटभर सरकलं तरी चित्र बदलतं. मी म्हटलं, "याचा काही उपयोग नाही. छातीवर मला लावू द्या, नाहीतर डॉक्टर येईपर्यंत थांबा."

"थांबायला टाइम कुठंय? जीप खाली उभी हाय. निघाला ना कागद? बास. इष्णू, ऊठ, सदरा घाल."

आणि तेव्हा विष्णू पहिल्यांदा बोलला. छताकडे बघत. "बाई, तुम्ही लावा."

"अरे, परवा दंगल हाय!"

"म्हणूनच म्हणून राह्यलो, वस्ताद."

वस्ताद त्याच्याकडे बघत राहिले. माझ्याकडे नाहीच. मग पायात वहाणा सरकवल्या आणि जिना उतरून गेले. ते 'म्हणूनच' मी इतक्यांदा मनात फिरवलं आहे. दंगलीच्या आधी खरं काय ते कळावं म्हणून? की हात लागला म्हणजे दंगल आपोआप सुटेल, म्हणून? पैलवान माणूस, 'मला भीती वाटते' हे वाक्य त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याने माझ्या हाताचा उपयोग करून घेतला का, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

मी बरगड्या मोजून वाट्या लावल्या. त्याची छाती दगडासारखी, आणि आत ते काळीज अडखळत चाललेलं. मी विचारलं, "काय होतं नेमकं?"

"सायकलची चेन उतरती ना बाई, तसं. पायडल रिकामंच फिरतंय मधीच. मंग पुन्हा बसती." थोडं थांबून म्हणाला, "काल बैठका मारताना डोळ्याम्होरं अंधार आल्ता. वस्तादाला सांगितलं न्हाई."

या खेपेचे कागदही बिघडलेलेच निघाले. छातीच्या पट्टीत जिथे रेघेला हलका उंचवटा हवा तिथे खळगा होता. डॉक्टरसाहेब आले, आणि पट्टी टेबलावर पसरून बसले. मला वाटलं आता निकाल लागेल. पण त्यांचाच गोंधळ झाला. म्हणाले, "रोज व्यायाम करणाऱ्याचं काळीज मोठं असतं, नाडी मंद असते, आणि त्याची पट्टी तशीही चमत्कारिकच येते. ही पैलवानाची पट्टी म्हणून अशी आहे, की दुखण्याची म्हणून?" निरोगी पैलवान पट्टी काढायला येतोच कशाला? ताडून बघायला आमच्याकडे काही नव्हतंच.

त्यांनी औरंगाबादला त्यांच्या सरांना ट्रंककॉल लावला. लाइन लागेपर्यंत वस्ताद वर आले, पुन्हा बाकावर बसले. फोनवर डॉक्टरसाहेब ओरडून बोलत होते, त्यामुळे सगळं आम्हालाही ऐकू येत होतं. "हो सर, साधी सर्दी... नाही सर, ताप पण थोडाच." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "सर म्हणतात, साधीच असते बहुतेक वेळा."

मग त्यांनी समजावून सांगितलं, तेही जपून, शब्द शोधत. सर्दी करणारा जंतू नाकातच राहतो असं नाही. कधी कधी, सगळ्यांच्या नाही, कुणाकुणाच्या काळजाच्या मांसात जाऊन बसतो. मांसाला सूज येते. माणूस पडून राहिला तर बहुधा ती उतरते, त्याला पत्ताही लागत नाही. पण त्याच दिवसांत छातीवर जोर आला तर तालच मोडतो. मग माणूस बसला की बसला. असं म्हणताना ते माझ्याकडे पाहत होते, आणि मला मंठ्याकडची ती जीप आठवली.

वस्तादांचं त्यांच्या बोलण्याकडे लक्ष होतं, विश्वास नव्हता. "आधी कागद उलटा निघाला. मंग सुलटा निघाला. आणखी एकदा काढला तर आडवा निघंल. ह्याच्यावर मी पोराची दंगल मोडू? साल झालं, तो ह्या कुस्तीसाठी खुराक खाऊन राह्यला."

प्लेटा चुकवल्या वस्तादांनी आणि खोटं ठरलं मशीन. मी बोलणार होते, पण डॉक्टरसाहेबांनी हात वर केला. म्हणाले, "वस्ताद, तुमच्याकडे बैल आहेत?"

"हायेत."

"जुवानं खांदा सुजला, खांदा आला, तर त्याला औताला धरता?"

"बिलकुल न्हाई. बैल कायमचा जाईल."

"याचा खांदा आत आलाय."

वस्ताद म्हणाले, "आत खांदा कुठं असतोय साहेब? बैलाचा हाताला लागतो. ह्याचा मला लागून न्हाई राह्यला." तो डॉक्टरसाहेबांच्याही हाताला लागत नव्हता.

शेवटी विष्णूच कॉटवर आडवा झाला. म्हणाला, "मी ऱ्हातो." वस्ताद एकटे जीपने गेले.

जत्रेच्या दिवशी तो वॉर्डातच होता. दुपार कलल्यावर त्याने किती वाजले विचारलं. मी सांगितलं. "आता हलगी लागली असंल," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. एवढा मोठा देह, पण त्या वेळी कॉटवर फार थोडी जागा व्यापून होता.

गावात वस्तादांनी सांगितलं की पैलवानाला बाईचा हात लागला, म्हणून उतरवला नाही. त्यामुळे विष्णूची अब्रू राहिली. दुखणेकरी पैलवान म्हटलं तर पुढे कुणी कुस्तीला जोड देत नाही. पथ्य मोडलं म्हटलं तर वर्षभरात विसरतात. हा हिशोब वस्तादांनी मुद्दाम केला की त्यांचा खरंच तसा समज होता, देव जाणे. माझ्या वाट्याला मात्र नाव आलं. धाकटा भाऊ बाजाराला आला तेव्हा म्हणाला, "आक्का, भोकरदनपस्तोर तुझं नाव झालंय." मी म्हटलं, "काय झालंय?" म्हणाला, "ते विचारू नको, चहा पाज." अण्णा मात्र चिडले नाहीत. ते म्हणाले, "पोरगं जितं हाय ना? मंग बोलू दे."

आठवड्याने विष्णू घरी गेला. जोर नाही, बैठका नाहीत, पाण्याची घागरसुद्धा उचलायची नाही. दर महिन्याला पट्टी. मी त्या पट्ट्या जमिनीवर ओळीने मांडून बघायचे. उड्या कमी होत गेल्या. खळगे भरत गेले. पावसाळ्यानंतर आलेली पट्टी पाहून डॉक्टरसाहेब म्हणाले, "आता काही नाही."

"मग तेव्हा काय होतं?" मी विचारलं.

"सूज. बहुतेक."

"बहुतेक?"

"बाई, त्याचं काळीज उघडून कुणी पाहिलंय? पैलवानाने व्यायाम सोडला की त्याची पट्टी तशीही बदलते. सूज उतरली म्हणून बदलली, की व्यायाम सोडला म्हणून, हे मी छातीठोक कसं सांगू? पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन, एवढं सांगतो."

आमच्या कामातली ही गंमत मला तेव्हा कळली. मेलेल्या माणसाचं निदान होतं. वाचलेल्याचं होत नाही. तो वाचणारच होता असंही म्हणता येतं.

विष्णू सदरा घालत होता. त्याने ते ऐकलं होतं. मला म्हणाला, "बाई, एक काम करा. खाली वस्ताद हायेत. त्यांला सांगा, काहीच नव्हतं म्हणून."

"वर का नाही आले?"

"येत न्हाईत. तालीम बंद केली त्यांनी. पोरं परत पाठवतेत. लोकांम्होरं बाईचा हात, बाईचा हात करतेत. आन् घरी मला म्हणतेत, इष्णू, मी तुला मातीत घालून मारत होतो."

मी खाली गेले. समोरच्या कडुलिंबाच्या झाडाखाली वस्ताद उकिडवे बसले होते. मला पाहून उठले, हे विशेष. पोराचं कसं आहे ते विचारलं नाही. सरळ म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या. खरं सांगा. मेला असता का तो माझ्या हातानं?"

काहीच नव्हतं म्हणावं, तर उद्या ते पुन्हा तापलेल्या पोरांना मातीत लोळवतील. मेला असता म्हणावं, तर हा माणूस इथेच खचेल. आणि खरं म्हणाल तर दोन्ही मला माहीत नव्हतं. मी आडवळण घेतलं. म्हटलं, "वस्ताद, तुम्हीच तर त्याला दवाखान्यात आणलंत. नसतं आणलं तर?"

वस्तादांचा चेहरा आणखी पडला. म्हणाले, "मी कशाला आणल्ता, माहीत हाय का? सर्दीनं हलका पडलाय, दंगलीच्या आधी ताकदीची सुई टोचून घ्यावी म्हणून आणल्ता. काळजाचं मला सपनात बी नव्हतं."

मला हसू आवरेना. दवाखान्यासमोर, रस्त्यावर, मी पदर तोंडाला लावून हसले. वस्ताद आधी चकित झाले, मग तेही हसले, पण डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "मग पुढच्या वेळी कुणाला ताप आला तर सुईसाठीच आणा. पण मातीत घालायच्या आधी आणा."

"सुई देता का पण?"

"सुई नाही देत. पण आणा."

त्यांनी तालीम उघडली. आणि आणायला लागले. दिवाळीनंतरच्या थंडीत शिंकणारे पैलवान रांगेने आमचा जिना चढायचे, कंपाउंडर वैतागायचा. प्लेटा तोच लावायचा, ते पथ्य वस्तादांनी सोडलं नाही. एकाच्याही पट्टीत काही निघालं नाही. "काहीच न्हाई?" वस्ताद विचारायचे. "काहीच नाही," मी म्हणायचे. तरी ताप उतरून पोरगं ताजंतवानं होईपर्यंत ते त्याला आखाड्याच्या कडेला नुसतं बसवून ठेवायचे. विश्वास बसला होता म्हणून, की भीती बसली होती म्हणून, मला सांगता येणार नाही. जे आलेच नाहीत, दुसऱ्या तालमीतले, शाळांच्या मैदानावरचे, भरतीसाठी पहाटे पळणारे, त्यांचं काय झालं असेल हा विचार मात्र मला अधूनमधून खातो.

पुढच्या चैत्रात डॉक्टरसाहेबांनी विष्णूला कुस्तीची परवानगी दिली. आधी औरंगाबादला पाठवून सोनोग्राफीसारख्या मशीनवर काळीज बघून घेतलं. ठीक होतं. तरी परवानगी देताना त्यांनी पेन दोनदा खाली ठेवलं.

मी जत्रेला गेले. आमच्याकडे बाया दंगलीला जात नाहीत, म्हणून भावाने ट्रॅक्टरची ट्रॉली मैदानाच्या कडेला लावली आणि मी त्यात उभी राहिले. विष्णू उतरला. माती कपाळाला लावली, समोरच्या पैलवानाच्या हातावर हात दिला. लोक डाव बघत होते. मी त्याच्या ओठांचा रंग बघत होते. एवढ्या लांबून काय दिसणार? पण बघत होते. वस्तादही आखाड्याच्या कडेला उभे होते, आणि शप्पथ सांगते, तेही डाव बघत नव्हते. एरवी "आत घे, पट काढ" म्हणून घसा फोडणारा माणूस, आज नुसता विष्णूच्या छातीकडे डोळे लावून.

कुस्ती लांबली. विष्णू वर्षभराचा सुस्तावलेला, समोरचा तयारीचा. एका हिसक्यासरशी त्याची पाठ लागली. चितपट. पलीकडच्या गावाने टोप्या उडवल्या. आमची बाजू गप्प झाली. विष्णू उताणा पडलेला, छाती भात्यासारखी वरखाली, आणि तो उठेना.

वस्ताद धोतर सावरत आखाड्यात धावले. लोकांना वाटलं, आता पोराला चपलेनं हाणतात. ते त्याच्याजवळ गुडघ्यावर बसले आणि सगळ्या मैदानासमोर त्याच्या मातीने माखलेल्या छातीवर कान टेकवला. हलगीवाल्यालाही वाजवावं की थांबावं कळेना, तो थांबला. सगळीकडे इतकी शांतता झाली की ट्रॉलीपर्यंत ऐकू आलं.

"वस्ताद," विष्णू धापा टाकत म्हणाला, "उठू द्या. हारलो मी. लोक बघून राह्यलेत."

"बघू दे," वस्ताद म्हणाले. कान तिथेच. तोंडभर हसू. "पडून ऱ्हा गुमान. मी ऐकून राह्यलो."